शेवटचा रकाना

आल्प्समधल्या मॅटरहॉर्न शिखराच्या कड्यावरची भेग गेल्या सप्टेंबरपेक्षा चार मिलिमीटरने रुंदावली होती. भूगर्भशास्त्रज्ञ ओडिलियाने दोनदा मोजून आकडा टिपला आणि धुकं दाटायच्या आत खालच्या पर्वतकुटीत परतली.

दारातच वाटाड्या थिओडुल उभा. खांद्यावर ओला दोर.

तीन उन्हाळ्यांपूर्वी अशाच धुक्यात ती त्याच्या दोराला अडखळली होती. "बाई, हा दोर माणसं पडू नयेत म्हणून असतो," तो म्हणाला होता. तेव्हापासून ती वर्षातून दोनऐवजी चारदा मोजायला येऊ लागली... भेगेला इतक्या मोजण्याची गरज नव्हती.

"काय म्हणतोय डोंगर?"

"सरकतोय. तुझ्यासारखाच हट्टी."

"मी कुठे सरकलो? तीन वर्षं एकाच प्रश्नावर उभा आहे."

ती हसली नाही. तिचे वडीलही वाटाडे होते. ते या कड्यावरून परतले नाहीत, तेव्हा इथूनच आईला फोन गेला होता. आईने फोन ठेवला आणि अर्धा कापलेला पाव शेवटपर्यंत कापला. वाटाड्याशी लग्न करायचं नाही, हे ओडिलियाने त्या संध्याकाळी ठरवलं होतं.

टेबलावर कुटीची वही होती. वर जाणारा प्रत्येक जण तीत लिहितो – नाव, गाव, उद्याची वाट. आणि शेवटी, काही झालंच तर कळवायचं कुणाला, ते आपलं कोण लागतं. थिओडुलने तीन रकाने भरून पेन ठेवलं.

"एक राहिला," ती म्हणाली.

"आई गेल्यापासून रिकामाच असतो. कुणाला लिहू, मेंढीला?"

"तिला फोन उचलता येत नाही."

"म्हणून तर बरी. रडायची नाही."

बाहेर कुठेतरी दगड घरंगळले. दोघांनीही खिडकीकडे पाहिलं. तो वर असेल त्या दिवशी आपण फोन ताटाशेजारी ठेवूनच जेवतो, हे ओडिलियाला आठवलं. लग्न न करताही धास्ती तीच... मग वाचवलं काय आपण?

तो वही मिटू लागला. तिने पानावर हात ठेवला.

"माझं नाव लिही, थिओडुल," ती हळूच म्हणाली. "आणि नात्याच्या जागी – बायको."