मूळ फाईल

नव्या टीव्हीवर नणंदेचा व्हिडिओ चालेना, एवढंच निमित्त. 'ही फाईल चालत नाही' असं पडद्यावर आलं की सासूबाई टीव्हीशीच भांडत. "का नाही चालत? जुन्यावर चालायची की माझी पोर!"

पोर जाऊन बरीच वर्षं झाली होती. हलताबोलता असा तिचा हा एकच तुकडा उरला होता. नवी सून आजवर घरात फारशी बोलली नव्हती; नेमकी त्या दिवशी तिला हुशारी दाखवायची उबळ आली. "नुसता फॉरमॅट बदलायचा, आई. चुटकीसरशी होईल."

दुपारी सगळे लवंडल्यावर ती लॅपटॉप घेऊन बसली. 'काम झाल्यावर मूळ फाईल काढून टाकावी?' असा प्रश्न आला. जागा कमी होती. तिने 'हो' केलं, जाता जाता दिवा बंद करावा तितक्या सहज. आतला पंखा घरघरत राहिला. तापलेल्या धुळीचा वास खोलीभर पसरला. मग नवी फाईल उघडली, तर नुसता काळोख. आवाजही नाही. जुनी तिने सगळीकडे धुंडाळली. पोर गेली होती. दुसऱ्यांदा.

"झालं का गं?" दारातून सासूबाईंनी विचारलं.

"झालं," ती म्हणाली, आणि तिची कानशिलं तापली.

संध्याकाळी सगळे टीव्हीसमोर जमले. काळं दिसलं की सांगून टाकायचं, असं तिने ठरवलं होतं. काळंच दिसलं.

"आई, माझ्याकडून..."

"अगं बाई, किती स्वच्छ दिसतेय!" सासूबाई म्हणाल्या.

नवरा हसला. "वेडी! कशी गिरक्या घेतेय बघा."

तिने पुन्हा पाहिलं. काळोख.

"सूनबाई, जादूच केलीस हो," डोळे पुसत सासरे म्हणाले. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी ती गप्प राहिली.

हळूहळू नवऱ्याचं हसू ओसरलं. "आई... ही खिडकीकडे बघायची ना?"

"हो रे... आज सरळ इकडेच बघतेय..." सासूबाई पुढे झुकल्या. "वहिनी म्हणतेय." त्या थबकल्या. "तेव्हा कुठली हिला वहिनी?"

दुपारचा तो तापलेल्या धुळीचा वास पुन्हा आला. अगदी जवळून.

"काय... काय म्हणतेय?" सुनेने कसंबसं विचारलं.

"तुला ऐकू येत नाही?" सासूबाईंचा आवाज अगदी खाली गेला. "'वहिनी, आता मी कुठे राहू?'... असं विचारतेय."

पडद्यावरची नजर न काढता सासरे जरासे सरकले, आणि सुनेच्या शेजारी त्यांनी एका माणसापुरती जागा करून दिली.