दोन डिस्कचं बिऱ्हाड

सलोनीच्या थोरल्या भावाला जुळ्या मुली झाल्या, ते साल दोन हजार बावीस. भाच्यांना बघून ती काळीपिवळी जीपने दारव्ह्याला परतत होती. जीप खच्चून भरलेली. शेजारचा तरुण मांडीवरच्या कॉम्प्युटरच्या डब्याआडून हळूच म्हणाला, "हे जरा धरता का? हादरा नाही बसला पाह्यजे."

"अंडी हायेत का?"

"हार्ड डिस्क."

"मंग सोताच्या जीवापाशी धरा. मले कायले देता?"

पण तिने धरली... दारव्हा येईपर्यंत, ओंजळीत चिमणीचं पिल्लू धरावं तशी. त्याचं नाव नयन. बसस्टँडमागे त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं.

सलोनीचंही दुकान होतं, कॉम्प्युटरवर चालणाऱ्या भरतकामाच्या मशीनचं. वडिलांनी, बबनरावांनी, बजावलं होतं, "तिजेपर्यंत पाह्यतो. नाही जमलं तर मशीन इकू अन् पुसदच्या पाव्हण्याले होकार देऊ." बंजारा तांड्यावरच्या हंसाबाईंनी श्रावणातल्या तिजेच्या सणाला नाचणाऱ्या पोरींच्या कांचळ्या, म्हणजे नक्षीच्या चोळ्या, भरायला दिल्या होत्या. सारी भिस्त त्या कामावर.

कॉम्प्युटर फार रेंगाळायचा, म्हणून तिने नयनला बोलावलं. त्याने एका डिस्कवर विंडोज बसवलं, दुसरीवर भरतकामाचा प्रोग्राम.

"बिऱ्हाड एकीकडं, दुकान दुसरीकडं. एक जळलं तरी दुसरं वाचते."

"अन् ही प्रोग्रामची सीडी?"

"आता तिची कायले गरज?"

हे बबनरावांनी ऐकलं. शेतातलं कोवळं सोयाबीन रोही, म्हणजे नीलगाई, चरून जात होते. त्यांनी ती सीडी नेऊन कुंपणाला टांगली, चमकून रोही बुजावेत म्हणून.

नयन मग कधी तार बघायला यायचा, कधी धूळ पुसायला.

"धूळ कालच पुसली ना तुमी?"

"दारव्ह्याची धूळ हाय... रातून परत येते."

ती मान खाली घालून दोरा ओवायची. दोरा काही सुईत जात नसे.

तीज तोंडावर आली आणि विंडोजची डिस्क बंद पडली. नयन हसतच आला. नवी डिस्क लावली, विंडोज टाकलं, प्रोग्रामवर बोट दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. त्याचं हसू मावळलं.

"प्रोग्राम जागेवर हाय... पण नवं विंडोज त्याले ओळखत नाही. सीडीवरून पुन्हा बसवा लागते."

सीडी शेतातून आणली. उन्हापावसाने तिचा मुलामा पोपडे धरून गळाला होता.

"एक जळलं तरी दुसरं वाचते म्हणत होते."

"चुकलं माह्यं. मलेच पुरतं समजलं नव्हतं."

"मंग तसं सांगायचं. पुसदले मी जाईन, तुमी नाही."

त्याने जुनी डिस्क पुन्हा तारेला जोडली. मग ती कानाशी धरून म्हणाला, "मेली नाही अजून. अडखळत वाचून राह्यली. तिच्यातलं विंडोज जसंच्या तसं नव्या डिस्कवर उतरलं, तर ओळख राहीन."

उतरवणं सुरू झालं आणि मध्येच लाईन गेली. यूपीएस शिट्ट्या मारू लागला. एकदा थांबली की ती डिस्क पुन्हा उठणार नव्हती. सलोनी धावतच चौकात काळीपिवळीच्या ड्रायव्हरकडे गेली.

"उकंडाकाका, जीप दुकानाले लावा."

"जीपमंदी सवाऱ्या हायेत पोरी. कुठं जाचं?"

"कुठंच नाही. नुसती चालू ठेवा."

नयनने जीपच्या बॅटरीला आपला इन्व्हर्टर जोडला. जीप दारात घुरघुरत उभी राहिली. एकही सवारी उतरली नाही. साऱ्या माना आत वळलेल्या.

"झालं तर..." नयन पडद्यावरून नजर न काढता म्हणाला, "पुसदच्या पाव्हण्याचं काय?"

"आधी होऊ तर द्या."

"झालं तर?"

"तर... घरी येऊन बाबाले इचारा. धुळीचं निमित्त लय झालं."

मागच्या सीटवरची म्हातारी शेजारणीला म्हणाली, "बाई, आपली जीप शुभकार्याले लागली."

डिस्क अडखळली, रेंगाळली... आणि शेवटपर्यंत वाचून झाली. पडद्यावर प्रोग्राम उघडला, कांचळीवरच्या नक्षीसकट. सलोनीने त्याचा हात धरला आणि सोडलाच नाही. लाईन येताच सुया खडखडल्या.

तिजेला तांड्यावरच्या पोरी त्याच कांचळ्या घालून नाचल्या. पुढच्या तिजेचं कामही हंसाबाईंनी तिथेच, नाचाच्या गोलात, देऊन टाकलं. बबनरावांनी पुसदला नकार कळवला. नयन विचारायला आला तेव्हा त्यांनी पुरतं ऐकूनही घेतलं नाही. चहा टाकायला सांगितला. पुढे ते पारावर सांगत, "जावई चुकला तं चुकलो म्हणते. असा दुसरा दाखवा."

लग्न उन्हाळ्यात झालं. मशीन आजही चालू आहे. बबनराव दोन हजार चोवीसच्या मार्गशीर्षात वारले.