धाकू तांडेलाची विहीर

मोबाईल खिशात घाला रं. उजेडात ही गोष्ट खोटी वाटती. भुतंबितं मी मानत नाय. पण कचरू माझा सख्खा साडू, आणि थापा मारणं त्याच्या रक्तात नाय.

पंधरा सालचा दुष्काळ. बिडकीनच्या अलीकडं जिकडं तिकडं प्लॉटिंग पडलेलं, सिमेंटचे रस्ते झालेले, प्यायला मात्र थेंब नाय. टँकरचा पत्ता नव्हता. कचरूची म्हैस नुकती व्यायलेली, पाण्यावाचून तडफडायली. मग नारळी पौर्णिमेच्या रात्री जेवणं उरकून कचरू आणि त्याची बायको भागूबाई दोर-घागर घेऊन तांडेलाच्या विहिरीवर गेले.

धाकू तांडेल म्हणजे कोकणातला माणूस. तरुणपणी गलबतावर होता. निजामाच्या राज्यात घाट चढून इकडं आला, तेव्हा इथं नुसतं माळरान. पहिलं घर त्याचं. विहीर त्यानंच खणली, बाजरी पिकवली, लोकं त्याच्यामागून आली. बहात्तरच्या दुष्काळात म्हातारा गाळ काढायला उतरला आणि दरड ढासळली. लोकांनी दोर टाकला, पण दुसरी दरड हलली तसे सगळे दोर सोडून पळाले. म्हातारा आतच राहिला. तिथलं पाणी कुणी भरत नाय. पण तहान लई वाईट.

भागूबाई अंगानं हलकी, म्हणून ती उतरली. तळाला जाऊन तिनं कमरेचा दोर सोडला आणि झऱ्याचं पाणी वाटीनं घागरीत भरायला लागली. कचरू वर, कप्पीपाशी.

थोड्या वेळानं दोराला हिसका बसला. कचरू ओढायला लागला. जड... लईच जड. त्याला वाटलं, भरल्या घागरीसकट बांधून घेतलं असंल.

दोर अर्ध्यात आला, तसा खालून भागूबाईचा आवाज आला.

"अहो, दोर कुठं नेला? मी खालीच हाय."

कचरूनं दोर तसाच धरला.

सोडावा, तर ते तिच्या डोक्यावर. ओढावा, तर ते वर...

तो ओढत राहिला. हातभर. अजून हातभर. कप्पी करकरली. काठावर काहीतरी टेकलं. ओलं. त्यानं डोळे मिटले. कानापाशी एक लांब श्वास...

मग दोर हलका झाला.

त्यानं तो परत खाली सोडला. "भागू, बांध," एवढंच म्हणाला. ती कडब्याच्या पेंढीगत वर आली. घागर खालीच राहिली.

सकाळी लोकं जमली. विहिरीपासून नव्या रस्त्यावर अनवाणी पावलं उमटलेली. वाळून पांढरी पडलेली. सरळ मावळतीकडं, कोकणाच्या वाटेनं गेलेली.

भागूबाईनं वाकून एका पावलाला बोट लावलं. जिभेवर ठेवलं.

मीठ होतं.