दहाव्याचा रेडिओ

मानसिंगला एक खोड होती. चालू वस्तू त्याला बघवत नसे. घड्याळ नीट चालत असलं की त्याला ते आणखी नीट चालवायचं असे, आणि मग ते ताटात सुटं होऊन पडे. भोरला गिरणीत नोकरी, आंबवड्याला घर, आणि उरलेला सगळा जीव रेडिओत. गावात वीज यायची होती तेव्हाची ही गोष्ट. पुण्याच्या जुन्या बाजारातून सुटे भाग आणून त्याने सेलवर चालणारा रेडिओ घरीच जुळवला आणि तो चक्क बोलला. फक्त त्याचं ऐकायचं बोंडूक कानात खुपसून एकट्यानेच ऐकावं लागे.

वडिलांना, चिमाजीआबांना, बाजारभाव ऐकायचं वेडच लागलं. तरी म्हातारा कुरकुरायचा.

"आरं, ह्ये एकट्यानं जेवल्यावानी झालं. समद्यास्नी ऐकू यील आसं कर की."

मानसिंगला तेवढं निमित्त पुरे झालं. त्याने रेडिओ खोलला, स्पीकर आणला, जादा भाग जोडले, आणि रेडिओची वाचाच बसली. नेमकं त्याच सुमारास आबांनी अंथरूण धरलं. रोज दुपारी पडल्या पडल्या विचारायचे, "लागलं का?"

"उद्या लागंल, आबा."

असे पुष्कळ उद्या गेले. मग आबाही गेले.

दहाव्याला मंडळी ओढ्याकाठी जमली. श्रावणातली दुपार, पण धुकं असं उतरलेलं की पलीकडचा काठ दिसत नव्हता. पाण्याचा खळखळाट तेवढा ऐकू येत होता. पिंड मांडून झाले. उंबरावर कावळा होता, एकच. तो काव करीना की खाली येईना. पिंडाकडे पाठ करून तो मानसिंगच्या घराच्या दिशेला टक लावून बसला होता.

मंडळी हात जोडून एकेक कबूल करू लागली. चुलते रखमाजी म्हणाले, "दादा, वहिनीला काय कमी पडू देणार न्हाई." पोरींची लग्नं कबूल झाली, बैल न विकायचं कबूल झालं. कावळा हलला नाही. वाट पाहता पाहता पावसाची भुरभुर आली, पिंड भिजले. भटजींनी नाइलाजाने दर्भ हातात घेतला. दर्भाचा कावळा करून शिवला की विधी उरकतो. पण माणूस अतृप्त गेला तो गेलाच.

"कशात आडकलाय गं जीव त्यांचा..." मानसिंगची आई ठकुबाई पुटपुटली.

मानसिंगच्या डोक्यात लख्ख झालं.

"भटजी, थांबा! आलोच मी!"

तो चिखल तुडवत घरी पळाला आणि रेडिओ धोतराच्या सोग्यात गुंडाळून घेऊन आला. रखमाजींचं टाळकं सरकलं.

"बाप मेला तरी तुजा ख्योळ संपना व्हय रं?"

पिंडाशेजारच्या दगडावर मानसिंगने रेडिओ ठेवला, बटण फिरवलं. काही नाही. सेल काढून घातले, कान लावला. काहीच नाही. आत कुठेतरी जोड निसटलेला होता हे त्याला कळत होतं. महिनाभर शोधूनही तो सापडला नव्हता. आणि सापडला असता तरी इथे ना निखारे होते, ना तारांना कथलाचा डाग द्यायची सळई. त्याला रडू फुटलं. सगळ्यांसमोर तो हमसून हमसून रडला.

तेवढ्यात वास आला. राळेचा... कथलाचा डाग देताना जळते त्या राळेचा. ओल्या धुक्यात, विस्तव नाही तिथे. मग नुकत्याच भादरलेल्या डोक्यावर मागून कुणाचा तरी श्वास लागला. गार.

"लागलं का?..."

अगदी कानाशी, हळू. मानसिंगने वळून पाहिलं. मागे नुसतं धुकं होतं. माणसं सगळी समोर, झाडाखाली उभी होती. त्याची बोटं सवयीने बटणावर गेली.

खर्रर्र झालं, आणि रेडिओ खणखणीत बोलला! "...गूळ, मध्यम प्रत..." कांदा, बटाटा, मिरची! साऱ्या काठाने बाजारभाव ऐकले.

"आबा, लागलं!" मानसिंग बेंबीच्या देठापासून ओरडला. "समद्यास्नी ऐकू येतंय, आबा!"

कावळा सरळ खाली आला. पिंडावर बसून पोटभर जेवला आणि धुक्यात उडून गेला. भटजींनी दर्भ टाकून हात जोडले. दहाव्याला टाळ्या वाजवत नाहीत, पण त्या दिवशी वाजल्या. रखमाजींनी पुतण्याला मिठी मारली. "चुकलं लेका माजं," ते म्हणाले, आणि घरापर्यंत रेडिओ त्यांनीच डोक्यावरून मिरवत नेला.

संध्याकाळी सारी आळी ओसरीवर ऐकायला बसली. मानसिंगची छाती फुगून आली होती. मंडळी पांगल्यावर मात्र त्याची खोड उसळलीच. जोड कसा जुळला, हे बघितल्याशिवाय त्याला घास गेला नसता. आईने चिमणी धरली. त्याने मागची फळी काढली.

खाली, कोपऱ्यात, एका तारेवर कथलाचा नवा डाग होता. मानसिंगच्या हातचा नव्हता. त्याचे डाग गोल असत. हा चपटा होता, ओल्या मेणावर अंगठा दाबावा तसा दाबलेला. वितळलेल्या कथलात अंगठ्याच्या रेघा स्पष्ट उठल्या होत्या, आणि त्यांना आडवा छेद.

ठकुबाईने चिमणी आणखी जवळ नेली.

"इळा लागला व्हता त्यांस्नी... आमचं लगीन झालं त्या साली. ह्योच अंगठा..."

मानसिंगने डागाला बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं. डाग अजून गरम होता.