त्याने माझे पाय धरले

उमंग मला बघायला आला त्या दिवशी मम्मीने एकच गोष्ट बजावली होती. छातीत काही झालंच, तर 'गॅस आहे' म्हणायचं. भावनगरात गॅसचं कुणाला नवल वाटत नाही. हृदयाचा आजार म्हटलं की मात्र मुलाकडचे चहा अर्धा ठेवून उठतात. आधीचे दोघे तसेच उठले होते.

गाठिया खाऊन झाल्यावर मोठ्यांनी आम्हाला आतल्या खोलीत बोलायला पाठवलं. उमंग महुव्याला कांदा सुकवण्याच्या कारखान्यात यंत्रं सांभाळतो.

"म्हणजे दिवसभर रडत असाल," मी म्हटलं.

"पहिले सहा महिने रडलो. आता बायकोने रडवलं तरच..."

तो हसला, गालाला खळी पडली... आणि नेमकं तेव्हाच सुरू झालं. बटण दाबल्यासारखं, एका क्षणात. कुणी आवडलं की हृदय हळूहळू वेग घेतं, ते मघापासून चालूच होतं. हे वेगळं होतं.

"चेहरा का उतरला? इतका वाईट दिसतो मी?"

'गॅस' अगदी ओठांवर आलं. पण या माणसाशी खोटं बोलवेना.

"मम्मीने 'गॅस' म्हणायला सांगितलंय, पण खरं सांगते. माझ्या हृदयात विजेची एक जादा वाट आहे... जन्मापासून. वीज तिथेच गोल फिरत बसते आणि ठोके एकशेऐंशीवर जातात. जरा मदत कराल?"

पर्समधून बिनसुईची सिरिंज काढली. ठोके आवरायला डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे पलंगावर टेकून बसले आणि सिरिंजच्या टोकातून, दट्ट्या जेमतेम हलेल इतक्या जोराने पंधरा सेकंद फुंकत राहिले. मग सपाट आडवी झाले.

"आता माझे पाय वर धरा. लवकर!"

"लग्नाआधीच पाय धरायला लावता?" म्हणाला, पण धरले. घट्ट धरले आणि सेकंद मोठ्याने मोजायला लागला. बाराव्या सेकंदाला धडधड थांबली, सुरू झाली तशीच अचानक.

दारात मम्मी उभी. हातात आइस्क्रीमचे पेले.

"हाय हाय! हे काय चाललंय?"

"गॅस," उमंग शांतपणे म्हणाला.

मला हसू फुटलं. "नाही गं मम्मी. यांना खरं ते सांगितलंय."

मम्मी पेले घेऊन मटकन खुर्चीत बसली. उमंगने मात्र यंत्राची चौकशी करावी तशी चौकशी केली. किती वेळा होतं? थांबलं नाही तर?

"महिन्यातून दोनदा. अर्ध्या तासात थांबलं नाही किंवा चक्कर आली, तर लगेच दवाखाना. पुढच्या महिन्यात अहमदाबादला मांडीतून तार घालून ती वाट जाळणार आहेत. बहुतेकजण बरे होतात... बहुतेकजण."

त्याने सिरिंज उचलून माझ्या पर्समध्ये नीट ठेवली. मग म्हणाला, "घरी बाला, म्हणजे आईला, मी सांगणार. लपवणं मला जमत नाही."

"मलाही नको आहे."

दोन दिवस फोन आला नाही. मम्मी माझ्याशी बोलेना. आधीच्या दोघांनी नकार दिला तेव्हा मी निवांत जेवले होते. या वेळी घास उतरत नव्हता, कारण मला तो हवा होता. खळीसकट.

तिसऱ्या दिवशी पोस्टातल्या माझ्या नोकरीवर डबा खायला बसले होते, तेव्हा फोनवर त्याचा नंबर आला. बोलली मात्र त्याची बा.

"झरणा, अहमदाबादची तारीख कितवी?"

"चौदा," मी घाबरतच म्हटलं.

"मग तेराला थेपले करायला घेते. दवाखान्याचं जेवण आमच्या उमंगला चालत नाही."

"ते... येणार आहेत?"

"ते काय, मीही येणार आहे. मुलगी खरं बोलली म्हणून दोन दिवस माझं डोकं खातोय. थेपले आवडतात ना तुला?"

माझे डोळे भरून आले.

"आवडतात, बा. थेपलेही... आणि तुमचा उमंगही."

मागून त्याचा आवाज आला, "काय म्हणाली? बा, फोन दे इकडे!"

"थांब रे," बा म्हणाली, "आमचं बोलणं व्हायचंय अजून."