काचेवरची वाफ

ऐक ना, हसू येईल तुला, पण हसू नकोस.

साधी दुपार होती गं. मी आतल्या बंद खोलीत, अंगात तो फुगलेला सूट, तोंडावर सीलबंद मास्क. माझं काम म्हणजे विषाणू मारणं. नमुन्यांच्या नळ्या गरम ठोकळ्यात बसवायच्या, आतलं सगळं मरेपर्यंत तापवायच्या आणि दोन दारांच्या कपाटातून पलीकडे सरकवायच्या. पलीकडे माझी वहिनी. सख्ख्या दादाची बायको, सातवा महिना. ती त्या उघडून तपासते, अंगात साधा कोट. मी मारलंय म्हणजे मेलंय, एवढाच तिचा भरवसा.

"नणंदबाई, झाला का स्वयंपाक?" ती स्पीकरवरून ओरडली. "इकडे दोन जीव ताटकळलेत!"

"दम धर गं, उतरवतेच आहे."

नळ्या काढल्या. सगळ्या कढत, दुहेरी ग्लोव्ह्जमधूनही चटका बसत होता. एक मात्र गार. नुसती गार नाही, हाडापर्यंत जाणारी. वाटलं, नीट बसली नसेल. परत तापवली. गारच. आणि आत, झाकणाखाली, वाफ धरत होती... विरत होती... परत धरत होती. भराभर. तान्हं बाळ झोपेत श्वास घेतं ना, तस्सं.

"वहिनी, एक नळी देत नाहीये मी."

"अगं, त्या पेशंटचा एकच नमुना आलाय!"

"दुसरा मागव. ही... ही मेलेली नाहीये."



मी ती नळी ऑटोक्लेव्हमध्ये कोंबली. राक्षसी कुकरच तो आमचा, त्यातून आजवर काही जिवंत बाहेर आलेलं नाही. दाब चढला. त्या घरघरीत मला काहीतरी... जाऊ दे, मशीनच असेल.

उघडलं तर नळी गरम, कोरडी ठणठणीत. आत वाफ नाही, काही नाही. जाम हलकं वाटलं.

"झालं समाधान?" वहिनी मधल्या काचेशी आली, पोट टेकवून उभी राहिली. "भित्री भागूबाई!"

मी हसले. आणि तेव्हाच काचेवर वाफेचा छोटासा गोल दिसला. बरोब्बर तिच्या पोटासमोर. तिने बाहीने पुसला, जाईना. कारण तो माझ्या बाजूने होता. आणि माझा श्वास तर मास्कबाहेर पडतच नाही गं...

मी पुसला. काच बर्फासारखी लागली. गोल परत उमटला. विरला. उमटला. भराभर.

"वहिनी, मागे हो..."

"थांब ना!" ती पोटावर हात ठेवून हसत होती. "आज केवढा नाचतोय बघ. अगदी ठेका धरून."

तिची बोटं पोटावर ठेका दाखवायला लागली. काचेवरची वाफ त्याच ठेक्यात येत होती, जात होती.