उपाशी पोटाची रात्र

हसायचं असेल तर आत्ताच हसून घे, वैजनाथ. नंतर मधे तोंड घातलंस तर मी उठून जाईन. ही गोष्ट माझ्या भाचीची, शिवकन्येची. ती निलंग्याकडच्या एका सरकारी दवाखान्यात नर्स आहे. खोटं बोलायची तिला सवय नाही. असती तर एव्हाना बढती मिळाली असती.

मागची येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, होऊन दोन दिवस झाले होते, तेव्हाची गोष्ट. शेतात भज्जीची भाजी, ताक-ज्वारीची आंबील खाऊन लोक सुस्तावलेले, दवाखाना रिकामा. एका खोलीत तेवढी तीन वर्षांची ऋतुजा आणि तिची आजी, बापाची आई साखराबाई. पोरीला कितीतरी दिवसांचा ताप, हाडांवर नुसतं कातडं उरलेलं. डॉक्टरांना टीबीचा संशय.

“घरात कोण खोकतं?” त्यांनी विचारलं.

“कोण बी न्हाई,” साखराबाई म्हणाली. जरा घाईनेच.

आता लहान लेकराला थुंकता येत नाही. बेडका आला की गिळून टाकतं. म्हणून पहाटे, पोर उठायच्या आत, नाकातून बारीक नळी पोटात घालायची आणि आतलं पाणी ओढून घ्यायचं. ते लातूरला मशीनवर लावलं की दोन-अडीच तासांत निकाल. अट एकच. रात्रभर पोट रिकामं हवं.

पहिल्या पहाटे नळीतून काय आलं? आंबील. पांढरी, आंबट.

“आजी, तुम्हीच पाजली.”

“माझ्या हाताला किडे पडतील, शिस्टरबाई! पाणी बी दिलं न्हाई.”

शिवकन्येनं म्हातारीने शेतातून आणलेला आंबिलीने भरलेला बिंदगा उचलला आणि सगळा गटारीत ओतला. दुसऱ्या पहाटे नळी घातली. पुन्हा आंबीलच.

डॉक्टर तडकले. “त्या लेकराच्या नाकाचे किती हाल करायचे? उद्या शेवटचं. नाही जमलं तर अंदाजाने औषध चालू करू.”

अंदाजाने. आणि चुकलेला अंदाज सोसायची ताकद त्या पोरीत राहिली नव्हती.

खरं सांगते, माझाही संशय म्हातारीवरच होता. सासवा मी लई बघितल्यात.

त्या रात्री शिवकन्येनं साखराबाईला बाहेर ओट्यावर झोपायला लावलं. आतून कडी घातली. खुर्ची पोरीच्या उशाशी ओढून बसली. बाहेर थंडी, उसाच्या ट्रॅक्टरचा आवाज लांब लांब जात विरला. मग काहीच नाही.

कोणीतरी खोकलं.

खोल खोकला. मोठ्या माणसाचा. खोलीतच.

तिनं खिडकीतून बघितलं. साखराबाई ओट्यावर घोरत होती.

पुन्हा खोकला... आता खाटेजवळ.

खाटेची कड दबली. कोणी बसावं तशी.

मग वास आला. ताक... ज्वारी... लसूण.

पोर झोपेतच होती. डोळे मिटलेले. तोंड उघडलं. वाट बघत...

शिवकन्या उठली. कशीबशी कडी काढली, म्हातारीला हलवलं. साखराबाई दारात आली. वास घेतला. आणि घाबरली नाही. हे मला अजून खटकतं.

“दाने...” ती म्हणाली.

दानम्मा. तिची सून. ऋतुजाची आई. पावसाळ्यात वारलेली.

“खोकून खोकून गेली, शिस्टरबाई. आमी म्हणलाव, बाहेरचं लागलंय. अंगारे लावले. दवाखान्याचा उंबरा दावला न्हाई तिला.”

मग ती त्या दबलेल्या कडेकडे वळली.

“लेकराला उपाशी झोपवायचं न्हाई, ही तुझी जिद्द मला ठाव हाय, बाई. पण आजची रात पाजू नको. तुझं तपासलं न्हाई... हिचं तरी तपासू दे.”



पोरीचं तोंड हळूच मिटलं. खाटेची कड वर आली.

पहाटे नळीतून स्वच्छ पाणी आलं. शिवकन्येनं डबीवर नाव घातलं, डबी बर्फाच्या पेटीत ठेवली, पेटीला चिकटपट्टी गुंडाळली आणि मांडीवर घेऊन एसटीने लातूर गाठलं. वाटेत पेटी खाली ठेवली नाही.

मशीनवर संगमेश्वर नावाचा पोरगा. त्यानं पट्टी कापली, झाकण काढलं.

“ताई, ही दुसरी कुणाची?”

“दुसरी?”

होती. बिननावाची डबी. आत मोठ्या माणसाचा घट्ट बेडका.

दोन्ही लावल्या. ऋतुजाच्या डबीत टीबी निघाला, पण जंतू इतके थोडे, की नेहमीचं औषध लागू पडेल का, हे मशीनला सांगता येईना. ते दुसऱ्या डबीनं सांगितलं. लागू पडणार नाही.

डॉक्टरांनी ती डबी कागदावर घेतली नाही. औषध मात्र दुसरं चालू केलं. पुढे ऋतुजाच्या नमुन्यावर मोठ्या प्रयोगशाळेतूनही तेच उत्तर आलं. ऋतुजा आता अंगणवाडीत पोरांना चावते.

पण मला ऐकीव गोष्ट चालत नाही. मी स्वतः लातूरला जाऊन संगमेश्वरला गाठलं.

“खरं सांग रे. आमच्या पोरीनंच म्हातारीचा बेडका आणला असंल.”

“म्हातारीचा तपासला, आत्याबाई. ती ठणठणीत हाय.”

“मग?”

तो हातमोजे काढत राहिला.

“पेटीतला बर्फ दगडावानी होता,” शेवटी म्हणाला. “ऋतुजाची डबी हातात धरवत नव्हती, इतकी गार.”

“आणि दुसरी?”

“...कोमट होती.”